नाव बदललं, काटा सरकला

माझं माहेर दादरचं आणि सासर चिपळूणचं. २००२ साली बी.ए.चा निकाल लागला आणि त्याच वर्षी लग्न झालं. मुंबईत खासगी एफएम वाहिन्या सुरू झाल्या त्याही त्याच वर्षी. त्यातलीच एक, मिड-डे समूहाची ‘गो ९२.५’. तिच्यावर इंग्रजी गाणी लागायची. धाकटा भाऊ तेव्हा कॉलेजात होता, त्याच्या कानाला सतत तेच. आई म्हणायची, “अरे, कळतंय का तुला त्यातलं काही?”

तसं मुंबईला हे अगदीच नवं नव्हतं. १९९३ पासून आकाशवाणीच आपल्या एफएमवरचे काही तास खासगी कंपन्यांना भाड्याने देत असे. १९९८ मध्ये ते थांबलं आणि मग सरकारने वाहिन्यांचा लिलाव केला. मुंबईची बोली इतकी चढली, की परवान्यापोटी वर्षाला साडेनऊ कोटींहून जास्त मोजायचे, वर दरसाल १५ टक्के वाढ. कमाई होवो न होवो! आमच्या बचत गटातल्या बायकासुद्धा असं कर्ज उचलणार नाहीत. ‘विन ९४.६’ ही वाहिनी तर बंदच पडली.

आईला काचबिंदू. टीव्ही नुसता ऐकायचा, म्हणून रेडिओच बरा. तिची आवड आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. पण २६ जुलै २००५ ला सगळं उलटंपालटं झालं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस! भाऊ कुर्ल्याकडे अडकलेला, फोन लागेना, मी इकडे चिपळूणला नुसती येरझाऱ्या घालतेय. आई रात्रभर सेलवरचा ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसली. एफएमवर लोक फोन करून सांगत होते, अमक्या रस्त्यावर पाणी आहे, तमक्या शाळेत लोकांना थांबवून घेतलंय. कुठल्या वाहिनीवर काटा होता हे तिला कधीच आठवलं नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, पण त्या रात्री बातमी म्हणजे तीच होती. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आला.

त्याच वर्षी सरकारने नियम बदलले. ठरलेल्या रकमेऐवजी वार्षिक उत्पन्नाच्या ४ टक्के इतकं शुल्क आलं. वाहिन्यांना जरा श्वास घेता आला. ‘गो’मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेची भागीदारी झाली आणि नाव पडलं ‘रेडिओ वन’. काटाही ९२.५ वरून ९४.३ वर सरकला, आणि गाणी हिंदी झाली. नाव नवं, पत्ता नवा, बोली नवी. मला तर माझंच लग्न आठवलं!

कारण अर्थात जाहिराती. तेल, साबण, साड्यांचे सेल यांना ऐकणारे हजारोंनी लागतात आणि इंग्रजी गाण्यांना तेवढे कान नसतात. पुढे सगळ्याच वाहिन्यांवर तीच ती हिंदी गाणी वाजायला लागली, तेव्हा हीच वाहिनी पुढच्या दशकात पुन्हा इंग्रजीकडे वळली. थोडेच ऐकणारे, पण खिसा जड असलेले. भाऊ तोवर गाडी चालवत ऑफिसला जायला लागला होता, त्याला आनंद झाला. दुपारी भांडी आवरून रेडिओ लावणाऱ्या बाईचा या हिशेबात कुठे नंबर लागला, ते मला काही दिसलं नाही. २०१७ मध्ये रेड एफएमच्या मलिष्काने मुंबईच्या खड्ड्यांवर मराठी विडंबनगीत केलं, ते सगळीकडे गाजलं. म्हणजे मराठी चालते की!

आईने एकदा एका वाहिनीला (नाव सांगत नाही) फोन केला होता. मी माहेरी होते, मीच नंबर लावून दिला. तिला एक जुनं मराठी भावगीत हवं होतं. पलीकडची मुलगी मराठीच निघाली. म्हणाली, “आजी, आमची गाण्यांची यादी वरून ठरून येते हो. त्यात नाही ते. माझ्या हातात काही नाही.”

“मग तू म्हण की,” आई म्हणाली.

ती मुलगी हसली. मग खरंच दोन ओळी फोनवर गुणगुणली, आणि “ठेवते हं, गाणं संपत आलंय,” म्हणून घाईने फोन ठेवला. आई पुढे कितीतरी दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होती. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.