मारिओचे पोशाख : सोयीचे आणि अडचणीचे

बेडूक पाण्यात कसा सरसर जातो आणि जमिनीवर आला की कसा टुणूक टुणूक उड्या मारतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अगदी हीच गोष्ट एका जपानी खेळात आहे. त्याचे नाव 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'. निन्टेन्डो कंपनीने तो १९८८ साली जपानमध्ये काढला. माझ्या मामाने टीव्हीला जोडायचा जुना डबा जपून ठेवलाय, त्यावर आम्ही भावंडे तो आळीपाळीने खेळतो.

मिशीवाला मारिओ पळत, उड्या मारत, खड्डे चुकवत जातो. सात राजांच्या चोरलेल्या जादूच्या कांड्या परत मिळवायच्या. आठवे राज्य शत्रूचे. वाटेत जसा पोशाख मिळेल तसे अंगात बळ येते.

पान मिळाले की कान आणि शेपूट फुटते. जोरात पळायचे, खालची पट्टी भरली की उडी मारून बटण भराभर दाबायचे, की मारिओ थोडा वेळ आकाशात! तानुकीचा पोशाख याहून भारी. तानुकी हा जपानमधला कोल्ह्याच्या कुळातला प्राणी. तो रूप पालटतो, असे तिथल्या लोककथांत सांगतात. म्हणून हा पोशाख घातला की उडता तर येतेच, शिवाय मारिओचा दगडी पुतळा होतो आणि शत्रू नुसते पुढे निघून जातात. तो पुतळा जिझोचा. आपल्याकडे वेशीवर मारुती असतो ना, तशा जिझोच्या मूर्ती जपानमध्ये रस्त्याकडेला असतात.

बेडकाचा पोशाख पाण्यात राजा. पण जमीन आली की नीट पळता येत नाही. मला मात्र हे आवडते. बेडूक जमिनीवर धावायला लागला तर तो बेडूक कसला?

खरी उणीव वेगळीच आहे. तानुकीचा आणि हातोडेवाला पोशाख फार क्वचित मिळतात, आणि शत्रूचा एक धक्का लागला की गेले! मग घालायची भीतीच वाटते. पोशाख पेटीत ठेवता येतात, म्हणून सगळे साठवूनच ठेवतात.

त्यात या जुन्या खेळात, झाले तेवढे जपून ठेवायची सोय नाही. ती १९९३ च्या नव्या आवृत्तीत आली. दिवाळीत आम्ही सातव्या राज्यात पोचलो अन् लाइट गेली. पेटीतला हातोडेवाला पोशाख एकदाही न घालता गेला. धाकटी बहीण रडलीच.

पालकांना एक विनंती. तुम्ही "बंद कर" म्हणता तेव्हा आम्ही हट्ट करतो, त्याचे कारण हे आहे. खेळ थांबवायचे बटण असते. ते दाबून टीव्हीवर खुशाल बातम्या लावा, फक्त डब्याची वायर काढू नका.