काचेपलीकडचा माणूस

माझ्या वडिलांच्या भजनी मंडळाची एक कॅसेट माझ्याकडे आहे. १९८६ सालच्या कार्तिकात, कर्जतजवळच्या आमच्या गावातल्या देवळाच्या सभामंडपात ती ध्वनिमुद्रित झाली. आतल्या कागदावर वडिलांनी वळणदार अक्षरात सगळ्यांची नावे लिहिली आहेत. पखवाज कोणाचा, पेटी कोणाची, टाळकरी कोण कोण, सतरंज्या कोणी दिल्या, रात्रभर चहा कोणी केला. एकूण एकवीस नावे. ज्यांनी ध्वनिमुद्रण केले त्यांचे नाव मात्र त्यात नाही.

ते गृहस्थ मुंबईच्या एका स्टुडिओत नोकरीला होते आणि सुटीच्या दिवशी अशी खासगी कामे घेत. संध्याकाळच्या गाडीने आले ते दोन माइक, एक टेपयंत्र आणि वायरींचे भेंडोळे घेऊन. आल्याबरोबर चहासुद्धा न घेता सभामंडपाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. दोन पावले सरकून पुन्हा वाजवली. आम्ही पोरे हसलो. मग त्यांनी मागच्या भिंतीवर गोधड्या टांगायला लावल्या, पखवाज जरा तिरका बसवला आणि टाळकऱ्यांना पार मागच्या खांबांपाशी नेले. टाळकरी रुसले. ‘तुम्ही पुढे बसलात, तर कॅसेटवर फक्त तुम्हीच ऐकू याल,’ एवढेच ते म्हणाले. ट्यूबलाइट त्यांनी बंद करायला लावल्या, कारण चोकची गुणगुण टेपवर उतरते. कोणी गॅसबत्ती आणली, तर तिचीही फुसफुस नको. अखेर समयांच्या उजेडात भजन उभे राहिले.

खरी पंचाईत होती ती रेल्वेची. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात. मेल थांबते, इंजिने जोडली जातात, पुढच्या-मागच्या शिट्ट्यांची देवाणघेवाण होते आणि मग गाडी घाटाला लागते. आम्हांला तो आवाज इतका अंगवळणी पडलेला, की तो आहे हेच आम्ही विसरलो होतो. त्यांनी मात्र पहिल्या दहा मिनिटांतच रेल्वेचे वेळापत्रक मागवले. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात एकेक अभंग, असा क्रम लागला. काम संपायला पहाटेचे चार वाजले. मंडळाने त्यांना नारळ, उपरणे आणि गाडीभाडे दिले; ठरलेले पैसे ‘पुढच्या महिन्यात’ पाठवायचे होते. ते गेले की नाही, हे आज घरात कोणालाच सांगता येत नाही. ‘बटणच तर दाबायचं, त्याचे एवढे कसले पैसे?’ असे मंडळातले एक जण म्हणाले होते, ते मात्र मला लख्ख आठवते.

पुढे चित्रपटांचा इतिहास वाचताना त्या रात्रीची आठवण पुन्हा आली. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. त्याचा स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट. म्हणून चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर चाले. वाजवणारे सेटवरच आडोशाला दडून बसत आणि माइक कॅमेऱ्याच्या नजरेआड लपवले जात. म्हणजे आमच्या गावात जे घडले, ते या धंद्याच्या जन्मापासूनचेच होते. ध्वनिमुद्रकाचे निम्मे आयुष्य नको असलेले आवाज बाहेर ठेवण्यातच जाते.

नावाची गोष्टही तितकीच जुनी आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे पहिल्यांदा ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आली, तेव्हा गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव पुकारत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून ही युक्ती. गौहरजानच्या तबकड्यांवर ती पुकार आजही ऐकू येते. कर्ण्यापुढे तिला किती अंतरावर उभे करायचे, तान वर गेली की कधी मागे सरकवायचे, हे ज्याने ठरवले, त्याने आपले नाव पुकारण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्या जिल्ह्याला तर या बाबतीत विशेष अभिमान वाटायला हवा. ‘प्रभात’चे विष्णुपंत दामले हे पेणचे. ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या चित्रपटाचे, फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शक म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो चित्रपट गौरवला गेला, हेही आपल्याला पाठ असते. पण १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे ध्वनिलेखन दामल्यांनी केले होते, हे किती जणांना ठाऊक असते? बोलपट नुकता जन्मला होता, शिकवणारी शाळा नव्हती. यंत्राशी झटापट करता करता शिकायचे, अशी ती पिढी. पुढे माणूस दिग्दर्शक झाला, की नाव दिग्दर्शकाचे राहते आणि ध्वनिलेखकाचे पुसले जाते.

१९३५ साली न्यू थिएटर्सच्या बंगाली ‘भाग्यचक्र’ आणि हिंदी ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायनाची रीत आली आणि गाणे सेटवरून उठून स्टुडिओत गेले. तिथून काचेची खिडकी आली. खिडकीच्या अलीकडे गायक आणि वादक, पलीकडे ध्वनिमुद्रक. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब, परळचे राजकमल ही त्या खिडकीची मोठी ठिकाणे. तेव्हा प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी नसे. व्हायोलिनांचा ताफा, ढोलक, बासरी, कोरस आणि गायक सगळे एकाच वेळी वाजणार, गाणार; आणि कोणाचा आवाज किती, हे ध्वनिमुद्रक त्याच क्षणी बोटांनी ठरवणार. शेवटच्या कडव्यात एक सूर चुकला, तर गाणे पुन्हा पहिल्यापासून. नंतर सुधारू, ही सोयच नव्हती. आज आपल्याला त्या गाण्यांत गायकाच्या श्वासाची जी जवळीक जाणवते, ती या काचेपलीकडच्या बोटांचीही कमाई आहे.

गाण्यापेक्षाही अवघड काम चित्रपटाच्या अंतिम ध्वनिमिश्रणाचे. संवाद एका पट्टीवर, संगीत दुसऱ्या, पावलांचे आणि दारांचे आवाज तिसऱ्या, वारा-पाऊस चौथ्या. या साऱ्यांचा एक प्रवाह करायचा. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. जुन्या यंत्रांवर दहाव्या मिनिटाला हात चुकला, तर अख्खे रीळ पुन्हा पहिल्यापासून. संवाद सुरू होताना संगीत किती खाली घ्यायचे, आणि प्रेक्षकाला ते खाली गेल्याचे कळता कामा नये, यात सगळी मख्खी. कळले, की काम फसले.

या कामातले मोठे नाव म्हणजे राजकमल कलामंदिरचे मंगेश देसाई. व्ही. शांतारामांनी १९४२ मध्ये परळला उभारलेल्या या स्टुडिओतल्या मिश्रणकक्षाचा लौकिक देसाईंच्या कानामुळे देशभर पसरला. १९७५ च्या ‘शोले’च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. स्वतःच्या चित्रपटांचे संगीतही स्वतःच करणारे, बारीकसारीक आवाजाबाबत अत्यंत चोखंदळ असे सत्यजित राय मिश्रणासाठी कोलकात्याहून परळला येत. एकीकडे सत्तर एमएमचा धडाकेबाज पडदा, दुसरीकडे रायांच्या चित्रपटातली शांतता. दोन्हींना पुरून उरणारा कान एकाच माणसाकडे होता आणि तो माणूस परळच्या एका बंद खोलीत बसत असे. ‘शोले’तले संवाद तोंडपाठ असलेल्या पिढीला त्याचे नाव सांगितले, तर दहातले नऊ जण ‘कोण?’ असे विचारतील.

हे सारे स्टुडिओच्या छायेतले दिवस होते. पगार बेताचा, पण महिन्याच्या महिन्याला मिळणारा. मग संगणक आला. १९९१ मध्ये ‘प्रो टूल्स’ ही प्रणाली बाजारात आली आणि पुढच्या दीड-दोन दशकांत खोलीभर यंत्रांचे काम एका टेबलावर मावू लागले. शंभर वादक एकत्र बसवण्याची गरज सरली, मोठी दालने एकेक करून बंद पडली किंवा दुसऱ्या कामाला लागली. पस्तीस-चाळीस वर्षे काचेमागे बसलेल्या माणसांपाशी उरला तो फक्त कान. ज्यांना जमले, त्यांनी तो कान घेऊन स्वतंत्र व्यवसाय मांडला. ज्याला आपण फ्रीलान्स म्हणतो तो.

अशीच काही मंडळी मुंबईची जागा सोडून कर्जत-खालापूरकडे येऊन राहिली आहेत. इकडे पडद्याची दुनिया नवी नाही. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये खालापूर तालुक्यात एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चे महाल तिथे उभे राहिले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच स्टुडिओत त्यांचा दुर्दैवी अंत झाला. ते किल्ले नि महाल पाहायला लोक गाड्या करून येत. आवाजाचा मात्र सेट नसतो. पाहायला काही नाही, तिकीट लावायला काही नाही.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त ध्वनिमुद्रक खोपोली रस्त्याच्या बाजूला राहतात. गालिचा अंथरलेल्या, पुस्तकांच्या कपाटांनी भिंती झाकलेल्या एका खोलीत त्यांचे काम चालते. अभंगांच्या एखाद्या संचाचे मिश्रण, माहितीपटाचे संवाद साफ करणे, कीर्तनाचे ध्वनिमुद्रण, जुन्या कॅसेट नि स्पूल उतरवून देणे. भाव ठरलेला नाही. गाणाऱ्याचा भाचा हल्ली मोबाइलवर हे सगळे फुकट करतो, असे सांगून घासाघीस होते. वयाबरोबर अतिबारीक स्वर कानातून जातात, हे ते लपवत नाहीत. झांजेची किनार नीट आहे ना, हे ते शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला विचारतात. पण माणसाचा आवाज ज्या पट्ट्यात असतो, तिथे काय अडते आहे, हे त्या मुलाला तासाभरात सापडत नाही आणि यांना पहिल्या ओळीत सापडते. ते नेहमी अगदी हळू आवाजात ऐकतात. मोठ्या आवाजात सगळेच चांगले वाटते, ही त्यांची तक्रार.

या कष्टाला कायद्यातही जागा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता. हक्क साठ वर्षे त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना स्वामित्वधनाचा वाटा मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. ध्वनिमुद्रकाचा हिशोब मात्र त्या दिवशीच्या मजुरीवर संपतो. २००९ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रसूल पूकुट्टींना ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ध्वनिमिश्रण म्हणजे काय, हे चौकटी टाकून समजावले होते. चौकट दुसऱ्या दिवशी संपली.

पैशाइतकीच निकड आता दुसऱ्या एका गोष्टीची आहे. आपल्याकडचा पाऊस टेपचा वैरी. घाटाखालच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपचा लेप ओलावा शोषून चिकट होतो. तशी टेप यंत्रावर चढवली, तर लेप खरवडून निघतो आणि त्याबरोबर गाणेही. तिला आधी पन्नास-पंचावन्न अंश उष्णतेत काही तास शेकावी लागते, मग थोडे दिवस ती वाजते, आणि तेवढ्यात ती उतरवून घ्यायची. त्याहून जुन्या, व्हिनेगरचा वास येणाऱ्या टेप शेकल्या तर बिघडतात. कोणती टेप कोणती, हे हाताने आणि नाकाने ओळखणारी माणसे सत्तरीपलीकडे गेली आहेत. घरोघरच्या ट्रंकांत भजने, कीर्तने, पोवाडे, आजीच्या ओव्या पडून आहेत. आणि ते सोडवू शकणारे कान दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. जिल्ह्यातल्या एखाद्या वाचनालयाने वा महाविद्यालयाने वर्षातून एक महिना जरी अशा माणसाला योग्य मानधन देऊन बोलावले आणि दोन मुले हाताखाली दिली, तरी पुष्कळ काही वाचेल.

माझी कॅसेट मी गेल्या उन्हाळ्यात खोपोली रस्त्यावर नेली. आतली नमद्याची गादी निखळली होती. त्यांनी टेप नव्या खोक्यात चढवली, यंत्राच्या हेडचा कोन हळूहळू फिरवत टाळांची धार परत आणली, आणि दोन दिवसांनी मला बोलावले. वडील गेल्याला बरीच वर्षे झाली. त्यांचा आवाज आला, तेव्हा मी काही बोललो नाही. त्यांनीही यंत्र थांबवले नाही.

मग त्यांनी मला कॅसेटची अगदी सुरुवात पुन्हा ऐकवली. ती मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकलीच नव्हती. दूर घाटाकडे जाणारी शिट्टी, ती विरेपर्यंतची शांतता, आणि मग माइकपासून लांब, हलक्या आवाजात कोणीतरी म्हणतो, ‘हं, गाडी गेली. करा सुरू.’

दर मांगताना मी घासाघीस केली नाही, एवढे सांगितले पाहिजे. घरी आल्यावर वडिलांच्या त्या कागदावर एकविसाव्या नावाखाली मी ‘ध्वनिमुद्रण’ असा शब्द लिहिला. त्यापुढची जागा अजून मोकळी आहे. मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या एका माळ्यावर आहेत, असे कळले आहे. नाव सापडले, तर पैसे गेले होते की नाही, तेही कळेल.