पाहुण्यांची झाडलोट

दिवाळी तोंडावर आली, की घरोघरी जळमटे निघतात, डबे घासले जातात, रद्दीवाल्याला बोलावणे जाते. या खटाटोपात खरा धाक असतो तो पाहुण्यांचा! पाहुणे येणारच नसतील, तर किती माळ्यांवर झाडू फिरेल, हे ज्याने त्याने मनाशी ताडून पाहावे.

आमच्या बीड जिल्ह्यात याच दिवसांत एक निराळी आवराआवर चालते. धारूर-वडवणीकडचा डोंगरपट्टा कोरडवाहू. तिथली कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगली-कोल्हापूरकडे, थेट कर्नाटकापर्यंत, ऊसतोडीला निघतात. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, असा मुकादमाचा हिशेब. पण निघण्यापूर्वी त्यातली बाई भांडी घासून पालथी घालते, घर सारवते आणि मगच कुलूप लावते. कुठे म्हातारी माणसे मागे राहतात. बाकी दारे पाच-सहा महिने बंद. पाहुणा तर सोडाच, घरधनीही फिरकणार नसतो!

नवखा माणूस गावात शिरतो आणि ‘काय हे ओसाड गाव!’ म्हणून मोकळा होतो. पहिले मत हे असे कुलपापाशीच थांबते. आत काय आहे, ते त्याला कसे दिसावे?

मला आपले वाटते, पाहुण्यांसाठी झाडलेले घर चांगलेच. पण परत येण्याच्या भरवशावर सारवलेल्या घराची सर आपल्या दिवाणखान्यांना नाही.