उदरपोकळीतील डायलिसिस (लेखांक सातवा) : चीर, सुई की दुर्बीण?

हेन्री टेंकॉफ यांनी १९६८ मध्ये मांडलेली, डेक्रॉनचे दोन कफ असलेली सिलिकॉनची नळी मागील लेखांकामुळे वाचकांच्या परिचयाची झाली आहे. या आठवड्यात उदरावरणाच्या जंतुसंसर्गाचा विषय ठरला होता. परंतु ही नळी बसवण्याच्या पद्धतींपैकी चांगली कोणती, असा प्रश्न पिरंगुटच्या एका वाचकाने विचारला असून, क्रमाने तोच आधी येत असल्यामुळे ठरलेला विषय पुढच्या लेखांकावर गेला आहे. पौड-ताम्हिणीकडच्या गावांतून भर पावसाळ्यात आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तासांच्या हिमोडायलिसिससाठी पुणे गाठणे ज्याला झेपत नाही, त्याला दिवसातून साधारण चार वेळा घरीच द्राव बदलण्याची सोय या नळीमुळे मिळते. म्हणून ती पहिल्याच खेपेस नीट बसणे फार मोलाचे ठरते.

पद्धती मुख्यतः तीन आहेत. खुल्या शस्त्रक्रियेत बेंबीच्या बाजूला लहान चीर देऊन उदरावरण, म्हणजे पोटाच्या पोकळीचे पातळ अस्तर, डोळ्यांसमोर उघडले जाते व नळी ओटीपोटात सोडली जाते. मात्र आतील भाग फारसा दिसत नाही. दुसऱ्या पद्धतीत सुईने पोकळीत शिरून, तारेच्या आधाराने नळी सरकवतात. हे काम स्थानिक भुलीवर होते आणि मूत्रपिंडतज्ज्ञही ते करू शकतात. परंतु पूर्वी पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात आतडे पोटाच्या भिंतीला चिकटलेले असल्यास त्याला इजा होण्याचा धोका असतो, आणि मूत्राशय आधी रिकामे करणे आवश्यक असते. तिसरी पद्धत दुर्बिणीची. तिला बहुधा संपूर्ण भूल लागते. पण नळीचे टोक कोठे टेकते ते प्रत्यक्ष दिसते, चिकटलेले भाग सोडवता येतात, आणि आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा चरबीचा पडदा, म्हणजे वपा, नळीभोवती गुंडाळला जाऊ नये म्हणून वर टाचून ठेवता येतो. पोटाच्या उभ्या स्नायूच्या आवरणातून लांब, खाली झुकलेला बोगदा करून नळी आत नेली, तर तिचे टोक ओटीपोटातून वर सरकण्याची शक्यताही कमी होते.

तथापि, नुसती दुर्बीण घातल्याने हे लाभ आपोआप पदरात पडत नाहीत. बोगदा न करता व वपेकडे लक्ष न देता केलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया खुल्या शस्त्रक्रियेहून सरस ठरेलच असे नाही, आणि सरावलेल्या हातांनी योग्य रुग्णात केलेली सुईची पद्धतही उत्तम फळ देते. जंतुसंसर्गाच्या बाबतीत तर एक पद्धत दुसरीहून निर्विवाद श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही.

तिन्ही पद्धतींत सारखीच मोलाची, तरीही घाईत राहून जाणारी गोष्ट म्हणजे नळी कातडीतून बाहेर पडण्याच्या जागेची आखणी. ती शस्त्रक्रियेच्या टेबलावर, रुग्ण आडवा असताना ठरवून भागत नाही, कारण बसल्यावर पोटाला वळी पडतात आणि आडवे असताना मोकळी दिसणारी जागा त्यांत दडते. म्हणून रुग्णाला त्याच्या नेहमीच्या कपड्यांत आधी बसवून, मग उभे करून खूण करावी लागते. परकराची नाडी, साडीच्या निऱ्या, धोतराची गाठ, करदोडा, पँटचा पट्टा यांपैकी काहीही त्या छिद्रावर घासता कामा नये आणि ते रुग्णाच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसले पाहिजे, कारण त्याची रोजची निगा त्यालाच राखायची असते. छिद्राचे तोंड खाली किंवा बाजूला असावे, म्हणजे घाम व पाणी तेथे साचत नाही. बाहेरचा कफ छिद्रापासून निदान दोन सेंटिमीटर आत असावा, आतला कफ उभ्या स्नायूत रोवावा आणि छिद्राशी टाका घालू नये.

म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी ‘दुर्बिणीने करणार का?’ एवढेच विचारून रुग्णाने थांबू नये; आपल्या पोटावर पूर्वी कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या ते सांगावे, डॉक्टरांचा कोणत्या पद्धतीवर हात बसला आहे ते विचारावे, आणि रोजचे कपडे घालून, बसून व उभे राहून, खूण करून घ्यावी.