संगणकाच्या कार्यमापन नोंदफायलींचे व्यवस्थापन : ‘रीलॉग’ या आज्ञेचा महाविद्यालयीन उपयोग

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या काळात महाविद्यालयांतील प्रवेश, परीक्षा-अर्ज, ग्रंथालय व लेखा विभाग यांचे व्यवहार क्रमाक्रमाने संगणकावर आले. साहजिकच महाविद्यालयाच्या सर्व्हरवरील भार वाढला. प्रवेशाच्या अखेरच्या दिवशी सर्व्हर मंदावला की नवीन यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव पुढे येतो. परंतु मंदपणाचे कारण प्रोसेसर, अपुरी मेमरी की हार्ड डिस्क, हे निश्चित झाल्याशिवाय केलेली खरेदी ही अंदाजावर आधारलेली असते. जेथे केवळ मेमरी वाढवून काम भागले असते, तेथे संपूर्ण सर्व्हरचा खर्च पदरी पडू शकतो.

हे कारण शोधण्याचे साधन विंडोज कार्यप्रणालीतच उपलब्ध आहे. अडचण अशी की, नोंदफाईल पाहता पाहता इतकी मोठी होते की ती उघडून पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. नोंदी घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या आवरणेही महत्त्वाचे आहे.

उद्दिष्टे :

१. कार्यमापन नोंदफाईलचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. ‘रीलॉग’ या आज्ञेने ती फाईल आटोपशीर कशी करावी, हे सांगणे.
३. नोंदी विरळ करताना अर्थाची कोणती हानी होते, याकडे लक्ष वेधणे.

नोंदफाईलचे स्वरूप :

विंडोजमध्ये प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क इत्यादी घटकांसाठी ‘काउंटर’ म्हणजे मापक असतात. निवडलेल्या मापकांची वाचने ठराविक अंतराने फाईलमध्ये साठविली जातात. हे संकलन ‘लॉगमॅन’ या आज्ञेने सुरू वा बंद करता येते. साठविलेल्या फाईलवर पुढील संस्कार करण्याचे काम ‘रीलॉग’ करते. या दोन्ही आज्ञा विंडोज एक्सपीपासून कार्यप्रणालीसोबतच मिळतात. त्यांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

दर १५ सेकंदांनी एक वाचन घेतले तर एका दिवसात ५,७६० आणि ३० दिवसांत १,७२,८०० वाचने जमा होतात. एक्सेल २००३ मध्ये एका पानावर ६५,५३६ ओळी मावत. म्हणजे साडेअकरा दिवसांतच पान भरे. एक्सेल २००७ पासून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींपर्यंत वाढली. परंतु पावणेदोन लाख ओळींतून दोन मिनिटांचा बिघाड शोधणे आजही सोपे नाही.

‘रीलॉग’ची कार्यपद्धती :

‘रीलॉग’ मूळ फाईल वाचून तिच्यावरून नवी फाईल तयार करते. नव्या फाईलला वेगळे नाव दिले म्हणजे मूळ नोंदी अबाधित राहतात. या कामाचे चार टप्पे पाडता येतात.

पहिला टप्पा पाहणीचा. आज्ञेपुढे मूळ फाईलचे नाव व ‘क्यू’ हा पर्याय दिल्यास फाईलमध्ये कोणते मापक आहेत आणि नोंदी कोणत्या काळातील आहेत, हे कळते. ही यादी ‘ओ’ या पर्यायाने मजकूर-फाईलमध्ये उतरवून घेता येते.

दुसरा टप्पा काळाच्या मर्यादेचा. ‘बी’ या पर्यायाने आरंभाची व ‘ई’ या पर्यायाने अखेरची वेळ देता येते. येथे सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकी पद्धतीत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. त्यामुळे ५ जुलै हा ७ मे ठरण्याचा धोका असतो. आज्ञेच्या मदतपर्यायात दाखविलेला क्रम आधी पाहून घ्यावा.

तिसरा टप्पा मापकांच्या निवडीचा. पाहणीत मिळालेल्या यादीतून अनावश्यक ओळी खोडून उरलेली यादी ‘सीएफ’ या पर्यायाने दिल्यास तेवढेच मापक नव्या फाईलमध्ये येतात. प्राथमिक निदानासाठी प्रोसेसरचा व्यग्र काळ, उपलब्ध मेमरी, डिस्कपुढील रांगेची लांबी आणि नेटवर्कवरील वाहतूक, एवढे मापक बहुधा पुरतात.

चौथा टप्पा विरळीकरणाचा व रूपांतराचा. ‘टी’ या पर्यायापुढे २० हा अंक दिल्यास प्रत्येक विसावे वाचन घेतले जाते. १५ सेकंदांचे अंतर ५ मिनिटांचे होते आणि दिवसाची वाचने ५,७६० वरून २८८ वर येतात. ‘एफ’ या पर्यायापुढे ‘सीएसव्ही’ लिहिल्यास ती फाईल एक्सेलमध्ये उघडता येते.

विरळीकरणातील अर्थहानी :

चौथा टप्पा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. समजा, परीक्षा-अर्जाच्या दिवशी प्रोसेसर २ मिनिटे १०० टक्के व्यग्र होता आणि पुढील ३ मिनिटे २० टक्के. मूळ फाईलमध्ये १०० टक्क्यांची आठ वाचने आहेत. ती द्विमान स्वरूपाची असेल तर तीत मापकाचे कच्चे आकडे असतात आणि व्यग्रतेची टक्केवारी लागोपाठच्या दोन नोंदींतील फरकावरून काढली जाते. मधली वाचने गळाली की संपूर्ण ५ मिनिटांची सरासरी दिसते, ती ५२ टक्के. विद्यार्थी खोळंबले होते, परंतु आलेखात सर्व्हर निम्माच व्यग्र दिसतो.

उपलब्ध मेमरीसारखे मापक त्या क्षणाचे मूल्य सांगतात. त्यांच्या बाबतीत सरासरीही मिळत नाही. दोन निवडक वाचनांमध्ये आलेली टंचाई आलेखातून पूर्णपणे नाहीशी होते. तसेच फाईल आधीच सीएसव्ही स्वरूपात बदललेली असेल तर तीत कच्चे आकडे नसून तयार मूल्ये असतात. तिच्यातील प्रोसेसरची व्यग्रताही मग केवळ विसाव्या वाचनापुरती उरते. म्हणून मूळ संकलन द्विमान स्वरूपातच ठेवावे व रूपांतर अखेरीस करावे.

यावरून असा नियम निघतो : तक्रारीचा काळ वेगळा काढून त्याचे प्रत्येक वाचन जपावे, विरळीकरण केवळ महिनोन्‌महिन्यांचा कल पाहण्यासाठी करावे.

स्थानिक परिस्थिती :

सोलापूरच्या संदर्भात दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली वीजपुरवठ्यातील खंडाची. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर संकलन आपोआप सुरू होईलच असे नाही. त्यासाठी यंत्र सुरू होताच ‘लॉगमॅन’ चालविणारे नियोजित कार्य लावून ठेवावे लागते. अशा खंडांमुळे एकाच आठवड्याच्या अनेक फायली तयार होतात. ‘रीलॉग’ला त्या सर्वांची नावे एकत्र देऊन एक फाईल करता येते. मात्र तीतील रिकामा काळ म्हणजे भार शून्य असलेला काळ नव्हे, याचे भान ठेवावे.

दुसरी बाब उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. खोलीतील वातानुकूलन अपुरे असेल तर अतितप्त प्रोसेसर आपली गती स्वतःहून कमी करतो. प्रोसेसरच्या प्रत्यक्ष वारंवारतेचा मापक नोंदींत ठेवल्यास मंदपणाचे कारण भारात आहे की उष्णतेत, हे ओळखण्यास मदत होते. उष्णता हेच कारण असेल तर नव्या सर्व्हरचीही त्याच खोलीत तीच गत होण्याचा संभव असतो.

लिनक्स कार्यप्रणालीत हेच काम ‘सार’ ही आज्ञा करते. तेथेही काळ व अंतर निवडण्याची सोय आहे आणि विरळीकरणाबाबत तीच दक्षता घ्यावी लागते.

निष्कर्ष :

नोंदफाईलचे व्यवस्थापन म्हणजे केवळ डिस्कवरील जागा वाचविणे नव्हे. कोणता पुरावा ठेवावा व कोणता सोडावा, याचा तो निर्णय आहे. आधी काळ, मग मापक आणि सर्वांत शेवटी विरळीकरण, हा क्रम पाळल्यास फाईल लहान होते आणि तिचा अर्थही टिकतो. खरेदी समितीपुढे प्रस्ताव ठेवताना त्यासोबत तक्रारीच्या दिवसाचा पूर्ण आलेख जोडावा आणि खरेदीचा निर्णय होईपर्यंत मूळ द्विमान फाईल जतन करावी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही याच फायलींवर प्रात्यक्षिक देता येईल. आपल्याच महाविद्यालयाचा सर्व्हर हे त्यांच्यासाठी सर्वांत जवळचे अभ्याससाहित्य आहे.