पांढरी गोळी, पण कुठली?

परवा लग्नातली येवल्याची पैठणी वारा द्यायला कपाटातून काढली. घडीतून एक पांढरी गोळी घरंगळली आणि आमच्या चार वर्षांच्या धाकट्याने ती उचलून थेट तोंडाकडे नेली! पेपरमिंटच वाटली त्याला. वेळीच हिसकावली म्हणून निभावलं. पण मनात आलं, आपण सर्रास 'डांबरगोळी' म्हणतो ती आहे तरी काय?

मैत्रिणींनो, या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकले जातात. एक नॅप्थलीन. ते दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं, म्हणून हे नाव. दुसरं पॅराडायक्लोरोबेन्झीन, म्हणजे बेन्झीनवर क्लोरीनची क्रिया करून बनवलेलं. ते ५३ अंश सेल्सिअसला वितळतं. पण कपाटात न वितळताच त्याची वाफ होत राहते, म्हणून गोळी हळूहळू झिजते. बंद जागेत ही वाफ साठली की कसरीच्या अळ्या मरतात. स्वच्छतागृहातल्या वासाच्या वड्यांतही ते वापरत आले आहेत. कारखान्यात त्यापासून उष्णतेला दाद न देणारं पीपीएस प्लॅस्टिक होतं. ते मोटारींच्या आणि विजेच्या सामानात लागतं.

गोळी ओळखायची कशी? पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला आणि गोळी टाका. नॅप्थलीन तरंगतं, पॅराडायक्लोरोबेन्झीन बुडतं. हात मात्र साबणाने धुवा आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नको.

दोन्ही विषारीच. काही मुलांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची उणीव असते. नॅप्थलीनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. तेव्हा बाळाची दुपटी या गोळ्यांत कधीच ठेवू नका. पॅराडायक्लोरोबेन्झीनमुळे माणसाला कर्करोग होणं संभवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये नोंदवलं. युरोपीय संघाने २०१४ मध्ये स्वच्छतागृहाच्या वड्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

वापरायच्याच असतील तर गोळ्या पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून वरच्या कप्प्यात ठेवा. वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते. जरीला गोळी टेकू देऊ नका. कपडे नेसण्याआधी मोकळ्या हवेत टांगा. मुलाने गोळी गिळलीच, तर घरगुती उपाय करत बसू नका. वेष्टन घेऊन तडक दवाखाना गाठा.

सासूबाई म्हणाल्या, "आम्ही धुऊन, वाळवून, मलमलीत गुंडाळून ठेवायचो." खरंच आहे. घामाच्या आणि तेलाच्या डागांवरच कसर आधी धरते. आमची पैठणी आता मलमलीत आहे. दर तीन महिन्यांनी घडी मोडते. गोळ्या मात्र घरातून गेल्या.