शंका असेल तर शून्य

दात तपासायची सळई टोकदारच असते, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. डॉक्टर ती दाढेत टोचणार, ती अडकणार, आणि अडकली की कीड. सर्वेक्षणाला वापरतात त्या सळईच्या टोकाला मात्र अर्ध्या मिलिमीटरचा गोल मणी असतो. त्यामागे कारण आहे. दाताच्या कवचातून, म्हणजे एनॅमलमधून, क्षार निघून जायला लागतात तेव्हा झीज आतून सुरू होते. वरचा पातळ थर बराच काळ शाबूत राहतो. त्या अवस्थेतला दात भरून येऊ शकतो. टोकदार सळई जोरात दाबली तर तो थर मोडतो, आणि मग खड्डा किडीने नाही, तपासणाऱ्यानेच पाडलेला असतो.

हा मणी मी जवळून पाहिला तो सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात. सार्वजनिक दंतआरोग्य विषयात एमडीएस करणारी एक डॉक्टर प्रबंधासाठी दोन वयोगट तपासत होती: बारा वर्षांची मुलं, आणि त्याच गावातली पासष्टीच्या पुढची माणसं. ती तोंडात बघून आकडे बोलणार आणि कुणीतरी ते लिहून घेणार, अशी ही पद्धत आहे. लिहिणारं माणूस म्हणून मी बसले.

लेखनिकाची जागासुद्धा ठरलेली असते. डॉक्टरचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आणि डॉक्टरला लेखनिकाचा कागद दिसला पाहिजे. मुलाची खुर्ची उजेडाकडे तोंड करून, पण थेट ऊन चेहऱ्यावर येणार नाही अशी. एका बाजूला निर्जंतुक केलेले आरसे आणि सळया, दुसऱ्या बाजूला वापरलेली टाकायला जंतुनाशकाचा टब. "आ कर बाळा, मोठा आ," आणि मग सुरू: "वन सेव्हन झीरो, वन सिक्स वन, वन फाइव्ह झीरो..." प्रत्येक दाताला दोन आकड्यांचं नाव आहे. पहिला आकडा तोंडाच्या कोणत्या भागातला ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा ते. त्यापुढचा आकडा दाताची अवस्था. शून्य म्हणजे निरोगी, एक म्हणजे किडलेला, दोन म्हणजे भरलेला पण पुन्हा किडलेला, तीन म्हणजे भरलेला, चार म्हणजे किडीमुळे काढलेला. मी आकडा परत मोठ्याने म्हणायचे, मग लिहायचे. थोड्या वेळाने कान एवढा सरावतो की "फोर सिक्स" ऐकताच हात एक लिहायला पुढे होतो. लेखनिकाने सांभाळायचं ते नेमकं इथेच.

फोर सिक्स म्हणजे खालची उजवीकडची पहिली कायमची दाढ. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, आणि कोणताही दुधाचा दात न पाडता, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे गुपचूप येते. त्यामुळे घरात तिची कुणाला दखलच नसते. दुधाचीच आहे, पडेल, असं धरून चालतात. बाराव्या वर्षी तिला तोंडात सहा वर्षं झालेली असतात आणि रांगेतल्या मुलांमध्ये किडलेली म्हणून जी दाढ पुन्हा पुन्हा बोलली जात होती ती हीच. एका मुलाला डॉक्टरने विचारलं, "दुखते का रे ही?" तो म्हणाला, "आता नाय दुखत. आधी दुखायची." दुखणं थांबलं म्हणून तो खूश होता. आतली नस मेल्यावरही दुखणं थांबतं. डॉक्टरने तपासणी थांबवून आधी त्याला उपचाराला पाठवायची चिठ्ठी लिहिली.

दात असे मोजायची पद्धत १९३८ची आहे. अमेरिकेत मेरिलंड राज्यातल्या हॅगर्सटाउनच्या शाळकरी मुलांचे दात तपासताना क्लाइन, पामर आणि नटसन यांनी किडलेले, गेलेले आणि भरलेले कायमचे दात एकत्र मोजून माणशी एक आकडा काढला. जगभरच्या देशांची तुलना आजही याच आकड्याने होते. मोजणारे बदलले तरी आकडा बदलू नये, यासाठी गावात येण्याआधी डॉक्टर आणि तिचे मार्गदर्शक सर यांनी तीच मुलं वेगवेगळी तपासली होती. दोघांचं मत योगायोगाने जेवढं जुळलं असतं त्याहून किती जास्त जुळलं, याचं गणित मांडतात. सगळ्यात जास्त मतभेद झाले ते दाढेच्या खाचेतल्या तपकिरी रेषांवर. रेष काळी दिसली म्हणून कीड होत नाही. खाचेचा तळ मऊ लागला पाहिजे, कवच खालून पोखरलेलं दिसलं पाहिजे किंवा खड्डा पडलेला पाहिजे. सरांचं एकच वाक्य होतं: "शंका असेल तर शून्य."

नियम म्हणून तो बरोबर आहे. शंकेला एक म्हणायला लागलं तर प्रत्येक तपासनीसाचं गाव वेगळं दिसेल. पण लिहिताना तो नियम कुठे बोचतो ते मला एका मुलीपाशी कळलं. तिचे वरचे पुढचे दात डॉक्टरने कापसाने कोरडे केले, आणि हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या, निस्तेज रेषा हळूहळू वर आल्या. थुंकीने दात ओले झाल्यावर त्यातल्या काही पुसल्यासारख्या दिसेनाशा झाल्या. पुन्हा कोरडं केलं, पुन्हा दिसल्या. तेल लागलेला कागद पारदर्शक दिसतो त्यातलाच हा प्रकार. क्षार गेलेल्या कवचात सूक्ष्म छिद्रं असतात. कवचाचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वळतो त्याचं माप, १.६२ आणि पाण्याचा १.३३; फरक थोडा, म्हणून छिद्रांत पाणी असेपर्यंत उजेड फारसा विखुरत नाही. पाणी जाऊन हवा शिरली की फरक वाढतो आणि डाग उघडा पडतो. जो डाग ओल्या दातावरही दिसतो तो जास्त खोल गेलेला.

"वन वन झीरो," डॉक्टर म्हणाली. मी थांबले. "ताई, लिहा झीरो. खड्डा नाही. आणि हिचा नंबर मागच्या पानावर घ्या." मागच्या पानावर पांढऱ्या डागांच्या मुलांची यादी होती. प्रबंधाच्या आराखड्यात ती नव्हती. अशा डागांना वेगळे क्रमांक देणाऱ्या नव्या पद्धती आहेत, पण त्यांना दात स्वच्छ करून हवेच्या फवाऱ्याने वाळवावे लागतात. शाळेच्या व्हरांड्यात ते जमत नाही. यादीतल्या मुलांना फ्लोराइडचं वार्निश लावायचं होतं: ब्रशने दातांवर फासायचं, वर्षातून निदान दोनदा. माझ्या मते त्या संबंध वहीतलं सगळ्यात उपयोगाचं पान ते होतं. ज्या दातांचं अजून काही बिघडलेलं नाही असं तक्ता म्हणतो, वाचवता येण्यासारखे दात नेमके तेच.

मधल्या सुट्टीत मुलं शाळेबाहेरच्या टपरीकडे पळाली आणि क्रीमची बिस्किटं घेऊन आली. गाव उसाचं. गुरुजींनी विचारलं, "ऊस खाऊन किडतात ना हो दात?" डॉक्टर म्हणाली, "गुरुजी, काय खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि किती वेळ चिकटून राहिलं ते बघा." या उत्तरामागचं एक मोजमाप रॉबर्ट स्टीफन यांचं, १९४०च्या दशकातलं. त्यांनी दातांवरच्या पापुद्र्याला अँटिमनीचे बारीक इलेक्ट्रोड लावून माणसांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला सांगितली. काही मिनिटांत तिथला पीएच कोसळला, म्हणजे आम्ल वाढलं, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास गेला. साधारण ५.५च्या खाली गेलं की कवच विरघळू लागतं. तासातासाला बिस्किट खाणाऱ्या मुलाच्या दाताला सावरायला वेळच मिळत नाही.

दुसरा पुरावा स्वीडनचा आहे आणि तो सांगताना मला दर वेळी अवघड जातं. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या संस्थेत १९४०च्या दशकात आणि १९५०च्या सुरुवातीला तिथे राहणाऱ्यांना वेगवेगळ्या प्रकारे साखर देऊन दात किडतात का ते पाहिलं गेलं. काहींना चिकट टॉफ्या दिल्या, जेवणांच्या मध्ये. त्यांचे दात झपाट्याने किडले; जेवणासोबत साखर मिळालेल्यांचे फारसे नाही. हे ज्ञान खरं आहे आणि ते ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्या तोंडातून आलेलं आहे. शाळेत प्रत्येक मुलाच्या कागदाला पालकांची सही किंवा अंगठा जोडलेला होता, आणि तरीही खुर्चीत बसल्यावर एखादा "नको" म्हणाला तर डॉक्टर त्याला उठू द्यायची. त्या सह्या जमवण्यात किती दिवस जातात याची तक्रार करणाऱ्यांना मी व्हिपेहोल्मची गोष्ट सांगते.

काही मुलांची लाळही घेतली. मेणाचा तुकडा पाच मिनिटं चघळायचा आणि तोंडात येईल ते मापाच्या नळीत थुंकायचं. चघळताना मिनिटाला साधारण एक मिलिलिटर किंवा जास्त लाळ येते, ०.७च्या खाली ती कमी धरतात. हीच लाळ आम्ल पातळ करते आणि कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परत देते.

ज्येष्ठांची तपासणी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात झाली. तिथे आकड्याचं दुसरं टोक दिसलं. तिशीनंतर दात कशामुळे गेला हे न पाहता गेलेला प्रत्येक दात मोजतात, आणि भरलेला, किडलेला, काढलेला, तिघांनाही एकच गुण. भरलेल्या दाढेने माणूस भाकरी चावतो. काढलेल्या दाढेच्या जागी हिरडी असते. आकड्याला दोन्ही सारखेच. रांगेतल्या बायकांमध्ये कुणी मिश्री लावणाऱ्या, कुणी दाढदुखीवर रिंगणीच्या बियांची धुरी घेतलेल्या. पुष्कळजणींचं सांगणं एकच: दुखली, काढली.

म्हणून डॉक्टरने दात मोजून झाल्यावर तोंड काय काम करतं तेही मोजायचं ठरवलं होतं. चावण्याची चाचणी जुनी आहे. १९५०मध्ये मॅनली आणि ब्रेली यांनी शेंगदाणे ठरावीक वेळा चावायला देऊन तो चोथा चाळणीतून धुतला आणि किती खाली गेला ते मोजलं. १९६४मध्ये कपूर आणि सोमण यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्यांची चावण्याची क्षमता नैसर्गिक दातवाल्यांच्या एक षष्ठांशाहूनही कमी असल्याचं दाखवलं. आता दोन रंगांचं च्युइंगम वापरतात. वीस वेळा चावायचं, बाहेर काढायचं, दोन प्लास्टिकच्या कागदांत एक मिलिमीटर जाडीची चकती होईपर्यंत दाबायचं आणि दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचं. रंग जितके एकमेकांत मिसळले तितकं चावणं चांगलं.

"ह्ये खायाचं वय हाय व्हय माजं?" पहिल्या आजी म्हणाल्या.

"खायचं नाही आजी, फक्त चावायचं. गिळू नका. मी मोजते."

वीस झाल्यावर त्यांनी ते तळहातावर काढलं. गुलाबी आणि निळा पट्टा जवळजवळ अख्खे, नुसते पिळलेले. त्या काय खातात ते डॉक्टरने विचारलं. भाकरी दुधात कुस्करून, वरण-भात, मऊ केळं. शेंगदाणे कूट करूनच. हरभरे, काकडी, पेरू कधीचे सुटलेले. "चावत न्हाई, मग तसंच गिळती," त्या म्हणाल्या. ज्यांना नीट चावता येत नाही ती माणसं मोठे तुकडे गिळतात, हे अभ्यासांतही दिसतं.

जपानने या गोष्टीकडे फार आधीपासून लक्ष दिलं आहे. ऐंशीव्या वर्षी वीस दात राखायची मोहीम तिथे १९८९पासून आहे. २०१६मध्ये तिथल्या वृद्धांच्या दंतवैद्यकाच्या संस्थेने तोंडाचं काम मंदावल्याचे सात निकष ठरवले: स्वच्छता, कोरडेपणा, चाव्याचा जोर, जीभ-ओठांची चपळाई, जिभेचा दाब, चावणं, गिळणं. तीन कमी पडले तर निदान. २०१८पासून ते त्यांच्या आरोग्यविम्यातही आलं. चपळाईची चाचणी सगळ्यात सोपी. पाच सेकंद सलग प-प-प म्हणायचं, मग त-त-त, मग क-क-क. सेकंदाला सहापेक्षा कमी भरले तर चिंता. प ओठांचा, त जिभेच्या शेंड्याचा, क जिभेच्या मागच्या भागाचा. घास तोंडात धरणं, मागे सरकवणं आणि घशात सोडणं, ही कामं करणाऱ्या जागा याच. सभामंडपात आजोबांची रांग एकापाठोपाठ प-प-प म्हणू लागली तेव्हा बाहेर खेळणारी पोरं आत येऊन त्यांच्याबरोबर म्हणू लागली, आणि डॉक्टरला त्यांना प्रेमाने बाहेर घालवावं लागलं. मोजणी चुकत होती.

शेवटाकडे एकाच आळीतल्या दोघी आल्या. गेलेल्या-किडलेल्या दातांचा दोघींचा आकडा सारखाच निघाला. एकीचं च्युइंगम जांभळं होऊन आलं, दुसरीचं पट्ट्यापट्ट्यांचं. डॉक्टरने दोघींना तोंड मिटून दात टेकवायला सांगितले आणि मला वाकून बघायला लावलं. पहिलीच्या उरलेल्या दाढा वरखाली एकमेकींवर टेकत होत्या. दुसरीच्या उजवीकडे वर दोन दाढा होत्या आणि त्यांच्या खाली काहीच नव्हतं. डावीकडे खाली होत्या त्यांना वर जोडीदार नव्हता. दाढ उरली आहे की नाही यापेक्षा ती कशावर तरी टेकते का, यावर चावणं ठरतं.

डॉक्टरने दुसऱ्या आजींच्या मुलाला वहीत चित्र काढून दाखवलं: खाली उजवीकडे काढता-घालता येणारे दात बसवले तर वरच्या दोन्ही दाढांना जोडी मिळेल.

"म्हंजी तिचं दात वाढत्याल व्हय?"

"नाही. तिचे दात तेवढेच राहतील, माझ्या तक्त्यातला आकडाही तोच राहील. पण चावता येईल."

डॉक्टरच्या दंत महाविद्यालयात दातांचं माप द्यायला गुरुवारी यायचं ठरलं. तक्त्यातल्या आजींच्या ओळीपुढे डॉक्टरने माझ्याकडून लिहून घेतलं: दात बसल्यावर च्युइंगमची चाचणी पुन्हा.